हाइन्रिश कोल्कमायरचा नवा दगड

एप्रिलच्या वादळात सेंट योहानस चर्चच्या दफनभूमीतला जुना अक्रोड कोसळला, तो नेमका हाइन्रिश कोल्कमायरवर. हाइन्रिश स्वतः जमिनीखाली सुखरूप होता; त्याच्या डोक्याशी उभ्या असलेल्या दगडाचे मात्र तीन तुकडे झाले. शेजारीच असलेल्या त्याच्या बायकोच्या दगडावर ओरखडाही उठला नाही. 'आना, हाइन्रिश कोल्कमायरची पत्नी' एवढीच अक्षरं त्यावर पहिल्यापासून होती, तेवढीच राहिली.

फ्रीडेन्सबर्ग गावात आणि मिसूरी नदीपर्यंतच्या टेकड्यांवर कोल्कमायर पैशाला पासरी मिळतात. दर सप्टेंबरला चर्चच्या आवारात हा सगळा गोतावळा जमतो. सॉसेज भाजली जातात, बियरचं पिंप उघडतं, पोरंटोरं कोल्कमायर छापलेल्या पिवळ्या टोप्या घालून हिंडतात. यंदा त्याच दिवशी मूळ पुरुषाचा नवा दगड उभा करायचा असं ठरलं आणि काम डार्लीनच्या गळ्यात पडलं. घराण्याचे कागद तिच्याकडे होते. जुनी जर्मन लिपी वाचायलाही तीच शिकली होती. बाकीच्यांना सॉसेज कोण आणणार याचीच काळजी होती.

डार्लीन अठ्ठावन्न वर्षांची. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन घेणं आणि डॉक्टरच्या फेऱ्या लावणं हे तिचं काम. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याशी फारकत झाली तेव्हा तिने कोर्टात उभं राहून कोल्कमायर हे माहेरचं नाव परत मागून घेतलं होतं. न्यायाधीशाने कारण विचारलं. ती म्हणाली, "ते माझं आहे." यापेक्षा मोठं कारण तिला सुचलं नव्हतं आणि त्यालाही लागलं नव्हतं.

आता तेच नाव अडचणीत आलं होतं.

जहाजाच्या यादीत आणि काउंटीच्या कोर्टातल्या नागरिकत्वाच्या अर्जावर मूळ पुरुषाचं नाव होतं हाइन्रिश ओस्टरहागे. चर्चच्या वहीत मात्र इथे झालेल्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापासून त्याच्या स्वतःच्या दफनापर्यंत सगळीकडे हाइन्रिश कोल्कमायर. माणूस एकच, यात शंका नव्हती: तीच बायको आना, तोच जहाजातून आलेला तान्हा विल्हेल्म, ओढ्याकाठची तीच जमीन. सरकारपुढे एक नाव, देवापुढे दुसरं.

दफनाच्या नोंदीत पाद्रीबाबांनी त्याचं जर्मनीतलं गाव लिहून ठेवलं होतं, लीनहॉर्स्ट. तिथल्या चर्चच्या वहीची पानं हल्ली घरबसल्या संगणकावर दिसतात. डार्लीनने उन्हाळाभर ती पालथी घातली. हाइन्रिश ओस्टरहागे नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला, तारीखही जुळली. हाइन्रिश कोल्कमायर नावाचा मुलगा त्या वहीत जन्मलाच नव्हता. म्हणजे ओस्टरहागे खरा आणि कोल्कमायर कुठून तरी उचललेला. तिने कोर्टातून परत आणलेलं नाव एका फरारी माणसाचं टोपणनाव ठरत होतं.

फरारी, कारण घराण्यात तशी गोष्टच होती. ती सांगायचा मान हिल्बर्टकाकाचा. डार्लीनच्या वडिलांचा हा धाकटा भाऊ आता चौऱ्याऐंशीचा, हयात कोल्कमायरांत सगळ्यांत वडील. दर मेळाव्यात पहिल्या पेल्यानंतर तो बाकावर उभा राहायचा. हाइन्रिशने सरकारी जंगलात ससा मारला, वनरक्षकाने धरलं, झटापटीत वनरक्षक मेला, हाइन्रिश रातोरात बायकोपोराला घेऊन पळाला आणि इथे येऊन त्याने नाव बदललं. ऐकणाऱ्यांचे चेहरे फुलून जायचे. साध्या शेतकऱ्याचे वंशज पुष्कळ असतात; खुन्याचे वंशज असण्यात काही वेगळीच ऐट होती.

दगड कोरणाऱ्या वर्लिनला ऐटीशी देणंघेणं नव्हतं.

"नाव सांग," तो म्हणाला. ग्रॅनाइटचा नवा दगड त्याच्या शेडमध्ये आडवा पडला होता. "तारखा आहेत, गाव आहे. नाव नाही."

"दोन आहेत."

"मग एक निवड."

"खरं ओस्टरहागे दिसतंय."

"मग तेच घालतो."

"आणि त्यासमोर पिवळ्या टोप्या घालून उभे राहतील ते कोण म्हणायचे?"

"टोप्या माझ्या धंद्यात येत नाहीत," वर्लिन म्हणाला. "शुक्रवारपर्यंत कळव. आणि नीट विचार करून कळव, बाई. ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही."

त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी चर्चनंतर डार्लीन काकाकडे जेवायला गेली. फाटकाशी टपालाची पेटी होती. त्यावर काळ्या रंगात हातभर अक्षरांत कोल्कमायर लिहिलेलं. दर वसंतात काका ती अक्षरं नव्याने रंगवायचा, दरवर्षी थोडी मोठी करायचा. एर्नाकाकू म्हणायची, आणखी दोन वर्षांत पेटीच मोठी घ्यावी लागेल.

जेवणात भाजलेलं डुकराचं मांस, आंबवलेला कोबी, बटाट्याचं सॅलड. डार्लीनने फळं भरून भाजलेली गोड पीच-पाय नेली होती. ताटं उचलल्यावर पत्ते निघाले आणि तिने विषय काढला.

"काका, खून काही सापडत नाही."

"सापडेल कसा? खून करून कोणी चर्चमध्ये नोंद करायला जातं का?"

"तिथल्या वहीत दफनाच्या नोंदीही आहेत. त्या वर्षात एकही वनरक्षक मेलेला नाही."

"पुढच्या वर्षी मेला असेल. झुरत झुरत."

"माझं लग्न झालं तेव्हा तो नुसता जखमी झाला होता," एर्नाकाकू पत्ते लावत म्हणाली. "नात झाली त्या वर्षी मेला. गेल्या सप्टेंबरात दोन वनरक्षक होते."

"तू खेळ."

"खेळतेच आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय."

"तुम्हा वेहमायरांना काय कळणार त्यातलं," काका म्हणाला. "तुमच्या सात पिढ्यांत कोणी ससासुद्धा मारला नाही."

"गरज पडली नाही. आमच्याकडे जमीन होती."

काकाने पान जरा जोरात टाकलं. जमीन एर्नाकाकूच्या बापाचीच होती, हे घर, समोरचं धान्याचं कोठार, सगळंच. वेहमायरांना मुलगा नव्हता. हिल्बर्ट तिसरा मुलगा, त्याच्या वाट्याला बापाच्या शेतातला तुकडाही येणार नव्हता. साठ वर्षांपूर्वी तो एक पेटी आणि एक कुत्रा घेऊन इथे राहायला आला, तो इथलाच झाला.

"थट्टा पुरे," डार्लीन म्हणाली. "वर्लिनला शुक्रवारी नाव द्यायचंय. ओस्टरहागे लिहिलं तर आपण सगळे खोटे ठरतो. कोल्कमायर लिहिलं तर दगड खोटा ठरतो. वडील तुम्ही आहात, तुम्ही सांगा."

काकाने हातातले पत्ते पालथे ठेवले. "कोल्कमायर," तो म्हणाला. "ते नाव टिकवायला मला काय मोजावं लागलंय ते मला ठाऊक आहे. चोराचं असो की साधूचं."

"खोटं असलं तरी?"

"तू शोधतेयस ना? मग खरं करून आण."

मंगळवारी सकाळी दवाखान्यातला फोन वाजला तो त्याचाच. लाल गाय पहाटेपासून अडली होती; वासराचा एक पाय दिसत होता, डोकं दिसत नव्हतं. काकाच्या आवाजात गावगप्पांचा मागमूस नव्हता. डार्लीनने डॉक्टर होल्टमनला हाक मारली आणि भिंतीवरच्या तक्त्यावर फेरी लिहिली. डॉक्टरीणबाई तरुण होती, आयोवाहून वर्षभरापूर्वीच आलेली. बूट चढवता चढवता तिने तक्ता वाचला.

"हिल्बर्ट वेहमायर. म्हणजे चुनखडीच्या खाणीपुढे डावीकडे?"

"हो. फाटक उघडंच असेल."

"तुझे कोणी लागतात ना ते?"

"हो, जवळचे."

"आईकडून?"

"नाही, वडिलांचे भाऊ."

डॉक्टरीणबाईने दुसऱ्या बुटात पाय घालता घालता मान वर केली. "मग ते कोल्कमायर झाले. वेहमायर का लिहिलंस?"

"वेहमायरांच्या शेतावर राहतात म्हणून," डार्लीन म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

डॉक्टरीणबाईला थांबायला वेळ नव्हता. पिशवी उचलून ती गेली. गाडी वळल्याचा आवाज आला. डार्लीन खडू हातात धरून तक्त्यासमोर उभी राहिली. आपल्या सख्ख्या काकाचं नाव तिने स्वतःच्या हाताने चुकीचं लिहिलं होतं, आणि ते चुकीचं आहे हे परगावच्या बाईने विचारेपर्यंत तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने खात्यांचा खण उघडला. गायींच्या लसी, खुरांची दुखणी, मेलेली मेंढी, सगळं हिल्बर्ट वेहमायर या नावावर. तिच्या आधी तिथे बसणाऱ्या बाईनेही तसंच लिहिलं होतं. चेकवर सही मात्र हिल्बर्ट कोल्कमायरची असायची आणि त्याबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. बँकेपुढे एक नाव, गावापुढे दुसरं. आणि काकाने आयुष्यात कोणाला मारलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सारला आणि लीनहॉर्स्टची पानं पुन्हा उघडली. उन्हाळाभर ती हाइन्रिश शोधत होती. आनाला तिने कधी शोधलंच नव्हतं. आना कोण, कोणाची, हे तिच्या दगडावर नव्हतं, जहाजाच्या यादीत नव्हतं, कोर्टात तर नव्हतंच. ती कोणाची तरी बायको होती, एवढ्यावर सगळ्यांचं भागलं होतं, डार्लीनचंही.

आता ती लग्नांच्या पानांवर गेली. विल्हेल्मच्या जन्माआधीची वर्षं, एकेक ओळ. पाद्रीबाबांचं अक्षर बारीक आणि उजवीकडे कललेलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात, शेतीची कामं उरकल्यावर लग्नं लागतात त्या दिवसांत, ती ओळ मिळाली. ओस्टरहागे शेतावरचा तिसरा मुलगा हाइन्रिश याचं लग्न आना कोल्कमायर हिच्याशी लागलं. ती कोल्कमायर शेताची एकुलती वारस. खाली पाद्रीबाबांनी जोडलं होतं की नवरा त्या शेतावर राहायला गेला असून यापुढे त्याला कोल्कमायर म्हणतात.

डार्लीनने घाई केली नाही. एक ओळ म्हणजे पुरावा नाही, हे ती पूर्वी एकदा ठेच लागून शिकली होती. तिने विल्हेल्मचा बाप्तिस्मा काढला. बाप: कोल्कमायर, जन्माने ओस्टरहागे. मग तिने आजूबाजूच्या ओळी वाचल्या, ज्या लोकांशी तिचं काही नातं नव्हतं त्यांच्या. त्याच पानावर आणखी दोघे शेताच्या वारस मुलीशी लग्न करून तिथे गेले होते आणि दोघांनी तिथलं नाव घेतलं होतं. मागच्या पानावर एक विधुर होता. दुसऱ्या लग्नासाठी शेत बदललं तेव्हा त्याचं नावही बदललं. त्या गावात नाव माणसाचं नसायचं. नाव शेताचं असायचं, आणि जो तिथे नांगर धरी त्याला ते लागायचं. परदेशी जायचा परवाना देणारा सरकारी कारकून मात्र जन्मनाव लिहून मोकळा व्हायचा. जहाजाने तोच परवाना पाहिला, कोर्टानेही तोच. चर्चमध्ये त्याला शेजारी ओळखत होते.

त्या भागात बटाटा कुजला, हातमाग बसले, तेव्हा आना आणि हाइन्रिशने शेत विकलं आणि निघाले. शेत तिथेच राहिलं. नाव तेवढं बरोबर आलं.

डार्लीनने डबा उघडला. सँडविच सुकलं होतं. तिने ते चवीने खाल्लं.

संध्याकाळी ती काकाच्या शेतावर गेली तेव्हा एर्नाकाकू गोठ्यात होती, काका उलट्या बादलीवर बसला होता आणि वासरू आपल्या चार पायांचं काय करावं या विचारात उभं होतं. आई त्याला चाटत होती.

"कालवड आहे," काका म्हणाला. "डॉक्टरीण बरी आहे. हात लहान आहेत तिचे. काय झालं? चेहरा का असा?"

डार्लीनने सांगितलं. लग्न, शेत, बाप्तिस्मा, शेजारपाजारचे लोक, सगळं क्रमाने. काका मध्ये बोलला नाही, ही गोष्ट नवी होती.

"म्हणजे घरजावई," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"खून नाही?"

"नाही."

"ससा?"

"सशांची नोंद चर्च ठेवत नाही, काका."

"मग ससा असू शकतो." हे त्याने स्वतःशीच पक्कं केलं. कालवड धडपडत आईच्या पोटाखाली गेली. "साठ वर्षं," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी दुकानात गेलो, तर लेमकुल म्हातारा सगळ्यांसमोर म्हणतो, या, हिल्बर्ट वेहमायर, बायकोने काय आणायला पाठवलं? सगळं दुकान हसलं. मी घरी आलो आणि टपालपेटी रंगवली."

"मला तेव्हा कळलं नाही," एर्नाकाकू म्हणाली. "मला वाटलं, पेटी गंजली असेल."

"तेव्हापासून रंगवतोय. बापाचं नाव म्हणून. आणि ते बापाचं नव्हतंच. कोणाच्या तरी बायकोचं होतं."

"कोणाच्या तरी नाही," डार्लीन म्हणाली. "आनाचं."

एर्नाकाकूने हात पुसले. "त्या बिचारीच्या दगडावर काय लिहिलंय गं?"

"आना, हाइन्रिश कोल्कमायरची पत्नी."

"म्हणजे नाव तिचं. ते त्याने घेतलं, आणि मेल्यावर त्याच्याकडून उसनं आणून तिला लावलं."

काका हसला. आधी नाकातून, मग बादली डुगडुगेपर्यंत. हसू ओसरल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. हसण्याने पाणी आलं असेल.

"तू मला इतकी वर्षं काहीच का बोलली नाहीस?" त्याने बायकोला विचारलं. "गावाने मला वेहमायर म्हटलं ते तुला आवडायचं का?"

"आवडायचं," काकू म्हणाली. "तुम्हाला लागायचं म्हणून बोलत नव्हते. माझ्या बाबांबरोबर ते नाव संपेल असं वाटायचं. मग कोणी फोनवर विचारायचं, हिल्बर्ट वेहमायर आहेत का, आणि मी म्हणायची, आहेत."

कालवडीला सड सापडला.

"शुक्रवारी वर्लिनला काय सांगू?" डार्लीनने विचारलं.

"तिच्या दगडावर आहे तसंच याच्या दगडावर," काका म्हणाला. "हाइन्रिश, आना कोल्कमायरचा पती. खाली बारीक अक्षरांत, जन्माने ओस्टरहागे. सरकार खोटं पडायला नको."

वर्लिनने मजकूर दोनदा वाचला. पुरुषाच्या दगडावर असं त्याने कधी कोरलं नव्हतं, लोक विचारतील, असं तो म्हणाला. विचारू देत, डार्लीन म्हणाली. सांगायला माणूस आहे.

सप्टेंबरच्या मेळाव्यात माणूस होताच. पहिल्या पेल्यानंतर हिल्बर्टकाका बाकावर चढला. दोघा पुतण्यांनी खालून धरलं. तरण्या पोरांच्या एका टोळक्याने वनरक्षकाची मागणी केली. काका म्हणाला, वनरक्षक बरा होऊन घरी गेला, त्याचा नाद सोडा. मग त्याने आनाची गोष्ट सांगितली. सांगायच्या पहिल्याच वर्षी तिचं शेत कागदावर होतं त्याच्या दुप्पट झालं आणि हाइन्रिशचा मोठा भाऊ अकारण दुष्ट निघाला. डार्लीनने दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि दुरुस्त केल्या नाहीत. वहीत काय आहे ते तिला ठाऊक होतं, दगडावरही बरोबर होतं. टोपीवरचं नाव आपलं आहे का, ही शंका कोणाच्या चेहऱ्यावर नव्हती. तिच्या मनातली तर त्या मंगळवारीच गेली होती. न्यायाधीशाला दिलेलं कारण पुरेसं होतं. नाव पहिल्यापासून बाईचंच होतं.

एर्नाकाकूने पीच-पायचा मोठा तुकडा कागदी ताटलीत घेतला, आनाच्या दगडापाशी गेली, क्षणभर उभी राहिली आणि तिथेच उभ्या उभ्या खाऊन परत आली.

ऑक्टोबरात एका सकाळी दवाखान्यातला फोन वाजला.

"डार्लीन, लाल गाय लंगडतेय. मागचा डावा पाय. घाई नाही, पण आज यायला सांग."

"सांगते." तिने खडू उचलला आणि मुद्दाम थांबली. "नाव काय लिहू?"

पलीकडे काकाने फोन तोंडापासून दूर धरला असावा. भांडी वाजत होती, काकू कोणाला तरी रागावत होती, बहुधा कुत्र्याला.

"हिल्बर्ट वेहमायर," काका सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "चुनखडीच्या खाणीपुढे, डावीकडे."